कुत्र्यासकट राहायची सोय

उटनूरकडं जाणारा डांबरी रस्ता सोडून आमच्या शेताची वाट जिथं वळते, तिथं बाभळीला एक पत्र्याची पाटी ठोकलेली आहे. वर तेलुगूत, खाली मराठीत. दोन खोल्या आणि ओसरी. स्वयंपाक ज्याचा त्यानं करावा. कुत्रं चालेल.

लोक तिसऱ्या ओळीला हसतात. हैदराबादेहून, नागपूरहून कुंटाल्याचा धबधबा बघायला, उटनूरचा जुना गोंड राजांचा किल्ला बघायला माणसं येतात, पाटीसमोर कुत्र्याला उभं करून फोटो काढतात आणि मग मला विचारतात, कापूस-ज्वारी आणि भाजीपाला करणाऱ्या माणसाला हे सुचलं कसं? मी म्हणतो, सुचलं असंच. मी फार बोलणारा नाही. गावात माझ्याबद्दल म्हणतात, याच्या तोंडचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातल्या विहिरीचं पाणी, दोर पुरत नाही.

पण त्या तिसऱ्या ओळीखाली माझं एक खोटं गाडलेलं आहे. ते उघडं पडलं तेव्हाही मी अर्धंच कबूल केलं, आणि उरलेल्या अर्ध्याचा भार माझ्या थोरल्या बहिणीनं सात वर्षं वाहिला. तिनं काही केलेलं नसताना. ते सांगतो.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, मुली बघायला जायचो, तिथं तोंडातून अक्षर निघायचं नाही, आणि मुलीकडचे समजायचे की मुलगा मुका आहे. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. ती दिवसभर बोलते, मी हुं म्हणतो. आमचं चांगलं चाललेलं होतं.

आमचा आजोबा निजामाच्या राज्यात जन्मला, बाप हैदराबाद स्टेटात शाळा शिकला, मी आंध्र प्रदेशात वाढलो, आणि माझे केस पिकायला लागले तेव्हा तेलंगण झालं. घर जागचं हललं नाही, राज्यंच बदलत गेली. मग असं ठरलं की आमच्या एवढ्या थोरल्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार जिल्हे करायचे. दसऱ्याचा मुहूर्त होता. त्याच्या आधीचा महिनाभर सगळ्या कचेऱ्यांत एकच गडबड. कुठली मिसल म्हणजे फाईल कुठल्या जिल्ह्याची, कुठलं कपाट कुणाचं, कुठला कारकून कुणाच्या वाट्याचा.

त्या गडबडीत आदिलाबादेहून एक कारकून बाई जुनी दप्तरं वेगळी करायला उटनूरला आल्या. तेलुगू. वय पस्तिशीच्या आसपास, एकट्या. बरोबर एक ट्रंक, एक पंखा आणि एक कुत्रं. कुत्रं म्हणजे विलायती नव्हे. आपलं गावठीच, तांबूस, चारी पाय पांढरे, डाव्या कानाचं टोक फाटलेलं. कचेरीच्या आवारात पिल्लू असताना सापडलेलं. लॉजवाला म्हणाला, बाई चालेल, कुत्रं नाही चालणार. बाई म्हणाल्या, मग बाईही नाही चालणार, आणि ट्रंक उचलून चालू लागल्या. मी त्या दिवशी बाजाराला वांगी घेऊन गेलो होतो. चहाच्या टपरीवर ओळखीच्या शिपायानं विचारलं, तुझ्या शेतात ती कापसाची खोली रिकामीच आहे ना?

मी हुं म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या आहेत.

संध्याकाळी घरी सांगितलं तर अक्का परातीतलं पीठ तसंच टाकून उभी राहिली.

“कुत्रं? घरात?”

“घरात नाई. शेतातल्या खोलीत.”

“आन् बाई जेवन कुठी?”

“स्वतः करून खाते म्हणते. ष्टो हाय तिच्यापाशी.”

कुत्र्याचं ती विसरलीच. “काऊन रे, आपल्या वावरात उतरलेली पाहुणी आपली चूल आपण पेटवन? आन् आमी काय इथी पाय पसरून जेवाचं? लोकं थुंकतीन ना तोंडावर!”

“पाहुणी नोहे ते. भाड्यानं—”

“भाडं गेलं चुलीत. आपल्या छपराखाली जो झोपला तो पाहुणा.”

दोन दिवस हे चाललं. अक्का डबा घेऊन जायची, बाई हात जोडून परत पाठवायच्या. त्यांना आमचा झणझणीत ठेचा सोसत नव्हता, आणि कुणाचं फुकट खायची सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी अक्कालाच वाट सापडली. आजोबाच्या वेळी दौऱ्यावरचे गिरदावर, तहसीलदार गावात उतरले की त्यांना शिधा जायचा. कुणी कुणाच्या हातचं खायचं नाही, म्हणून पीठ, डाळ, तूप, मीठ-मिरची, वर दोन मोळ्या सरपण, सगळं कोरडं. रांधायचं ज्याचं त्यानं. अक्कानं सूप घेतलं. त्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, चार वांगी, कोथिंबीर, लोण्याचा गोळा मांडला, वर हळदीकुंकू टाकलं आणि खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

मला म्हणाली, “शिधा आपला म्हंजे जेवन आपलं. मंग चूल कोनी का पेटवेना.”

बाईंनी सूप बघितलं. त्यांना वाटलं पूजेचं काहीतरी आहे. त्या सुपाच्या पाया पडल्या.

आजही आमच्याकडं जो उतरतो त्याच्या उंबऱ्यावर पहिल्या दिवशी सूप जातं. माणसं गॅस, डबे, मॅगीची पाकिटं घेऊन आलेली असतात. ज्वारीचं पीठ हातात घेऊन बघत राहतात. मग अक्का दारात उभी राहते, कमरेवर हात ठेवून. “मी काई हात लावत नाई हो, तुमी करा. पानी जरा जास्त झालं. आता थापा. असं नाई, असं. अवं, फाटली. सरका तिकडं.” आणि पाचव्या मिनिटाला ती चुलीपुढं बसलेली असते, हैदराबादची इंजिनियर मंडळी बाहेर ओळीनं मांडी घालून. ज्याचा त्यानं स्वयंपाक हे पाटीवर लिहिलेलं आहे खरं.

कुत्र्याकडं अक्का पहिले चार दिवस बघत नव्हती. बाई कचेरीत गेल्या की ते ओसरीवर एकटं बसायचं, पाय दुमडून, एखाद्या मामलेदारासारखं. बाई त्याला एका तेलुगू सिनेमातल्या हिरोच्या नावानं हाक मारायच्या. अक्काच्या जिभेला ते नाव वळेना. ती त्याला पाहुणा म्हणायला लागली. “पाहुन्यानं दूध पेलं का? पाहुन्याले ऊन लागून राह्यलं.” पाचव्या दिवशी वांग्यांत वानरं उतरली. अक्का काठी घेऊन धावायच्या आतच पाहुणा वाफ्यांवरून उड्या मारत गेला आणि अख्खं टोळकं त्यानं मोहाच्या झाडावर चढवलं. खाली बसून राहिला, दुपारपर्यंत, कुणी खाली उतरतं का बघत. त्या दिवसापासून अक्काचा जीव त्याच्यावर बसला. दर रविवारी विहिरीवर त्याची आंघोळ. कानातले गोचीड काढताना त्याला ती असं रागवायची की वाटसरू थांबून बघायचे, कुणाच्या पोराला मारतात म्हणून. त्याला कोमट दुधात भाकरी कुस्करून द्यायची. बाईंनी शहरातून आणलेल्या कुत्र्याच्या खाण्याच्या गोळ्या त्यानं नंतर हुंगल्याही नाहीत.

बाई आणि अक्का संध्याकाळी ओसरीवर बसायच्या. एकीचं तेलुगू, एकीचं आमचं मराठी, मध्ये पूल म्हणून मोडकं हिंदी. हसणं मात्र एकाच भाषेतलं. बाई सांगायच्या, कचेरीत उर्दूतली जुनी कागदं निघतात, ती कुणालाच वाचता येत नाहीत, मग ती चारही जिल्ह्यांना नको असतात. अक्का म्हणायची, “जे वाचता येत नाई ते मले द्या, चूल पेटवाले बरं.” बाई इतक्या हसायच्या की पदर तोंडाला लावावा लागायचा.

आणि मी? मी कापसाच्या ओळींतून फिरायचो. कुत्रं माझ्या मागं यायचं. त्याबद्दल पुढं लिहितो. ते लिहिणं मला जड जातं.

दसरा आला. सकाळी आम्ही एका जिल्ह्यात उठलो आणि दुपारी त्याचे चार झालेले होते. आमचं गाव आदिलाबादेतच राहिलं, बाईंचं नाव आसिफाबादच्या यादीत लागलं. तिसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. तिथं खोली नाही, ओळख नाही. जाताना त्यांनी आम्हा दोघांच्या हातात आपट्याचं सोनं दिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या (त्या तेलुगूत बोलत, मी इथं मराठीत लिहितो), “अन्ना, याला महिनाभर ठेवाल? खोली मिळाली की येते.”

मी हुं म्हणालो.

महिन्याचे तीन झाले. त्यांना खोली मिळेना. आठवड्याला फोन यायचा, मी फोन कुत्र्याच्या कानाला लावायचो, आणि बाई पलीकडून काय बोलायच्या ते ऐकायचं नाही म्हणून मी दुसरीकडं बघायचो. त्यांनीच कचेरीतल्या ओळखीच्यांना आमची खोली सांगितली. पहिल्यांदा एक कुटुंब आलं ते दिवाळीच्या सुट्टीत, बरोबर तळहाताएवढं कुत्रं, अंगात लाल स्वेटर. अक्का कपाळाला हात लावून बघत राहिली. “हे कुत्रं हाय का उंदीर?” पण रात्रीपर्यंत तो उंदीर तिच्या पदरात झोपलेला होता आणि पाहुणा बाजूला बसून तोंड फिरवून रुसलेला. मग दुसरे आले, तिसरे आले. मी मध्ये भिंत घालून खोलीच्या दोन केल्या, फरशी घातली, मोरी केली, पाटी रंगवून घेतली. तीत तिसरी ओळ घालायला अक्कानंच सांगितलं. कुत्र्यांमुळं तिच्या उत्साहाला ऊत आला होता. सकाळी उठल्या उठल्या विचारायची, “आज कोन येऊन राह्यलं? संगं कुत्रं हाय का नुसतेच?” नुसतेच आले तर तिचं तोंड उतरायचं.

संक्रांतीनंतर एका दुपारी फोन आला. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, मी बांधावर उभा होतो. बाईंचा आवाज उड्या मारत होता. “अन्ना, खोली मिळाली! पुढं अंगण आहे. रविवारी येते त्याला न्यायला.”

कुत्रं माझ्या पायाशी होतं. माझ्या चपलेवर हनुवटी टेकून. मी म्हणालो, “मॅडम, तो पळून गेला.”

असं काही मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. आणि एकदा आल्यावर पुढचंही आलं, ज्याला दोन शब्द जड जातात त्याच्या तोंडून अगदी सरळ, एकामागून एक. आठ दिवस झाले. रानडुकरांच्या मागं गेला. जंगलाकडं. शोधलं. सापडला नाही. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “गळ्यात पट्टा होता ना?”

मी म्हणालो, होता.

“मग कुणाला सापडला तर कळेल त्याला. की हा कुणाचातरी आहे.”

फोन ठेवल्यावर मी खाली बसलो आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढला. घरी जाऊन अक्काला सांगितलं, “मॅडमचा फोन होता. त्यायले जमत नाई म्हणतात. राहू द्या म्हणाल्या तुमच्यापाशीच.” अक्कानं देवापुढं गूळ ठेवला.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात आनंदाचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? पोळ्याला बैलांबरोबर पाहुण्याच्याही कपाळावर गुलाल, त्याच्यासाठी वेगळी पुरणपोळी, आणि गल्लीतल्या बायका अक्काला चिडवायच्या, “अवं, याले झूल काऊन नाई शिवली?” तिनं पुढच्या वर्षी शिवलीही असती. मी हसायचो. हसता हसता कधी फोन वाजला की आधी नंबर बघायचो. बाईंचा नंबर मात्र कधी दिसला नाही.

ते उघडं पडलं ते एका फोटोमुळं. आसिफाबादचं एक कुटुंब राहून गेलं, त्यांनी अक्काचा आणि कुत्र्याचा फोटो काढला, तो या फोनवरून त्या फोनवर फिरत बाईंपर्यंत पोचला. फाटका कान. पांढरे पाय. चैत्रातल्या एका सकाळी ऑटो थांबला आणि बाई उतरल्या. कुत्रं ओसरीवर होतं. ते उठलं, दोन पावलं चाललं, थांबलं, आणि मग असं काही धावलं की बाई मागच्या मागं धुळीत बसल्या.

अक्का आनंदानं पुढं झाली. “अवं माय, किती दिसानं! सांगाचं तरी!” बाई तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं की हिला काही माहीत नाही. त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही.

“अन्ना, मी चार रविवार त्या जंगलाकडच्या वाड्यांवर फिरले. दारोदार विचारत. तुमच्या गावावरून बस जायची. तुम्हाला अजून वाईट वाटेल म्हणून उतरले नाही.”

अक्कानं मला विचारलं, काय म्हणते ही? आणि मी, तिथं, दोघींच्या मध्ये उभा राहून सांगितलं. पळाला नव्हता. मी खोटं बोललो. इथपर्यंत ठीक होतं. पण बाईंच्या डोळ्यांकडं बघवेना, आणि माझ्या तोंडून निघालं, “अक्काचा लई जीव होता त्याच्यावर. अक्कासाठी केलं.”

अक्का बाईंच्या पायाशी वाकली. बाई मागं सरल्या, तिला धरलं, पण ती म्हणाली, “माह्या हावेपायी झालं, पोरी. दुसऱ्याच्या ठेवीवर जीव लावला मी. माह्या भावाले चोर केलं.”

मी ऐकत उभा राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

बाई कुत्र्याला घेऊन गेल्या. त्या मनानं मोठ्या. सहा महिन्यांनी त्यांचा अक्काला फोन आला, की हा तुमची भाकरी मागतो, पीठ कसं मळायचं ते सांगा. तेव्हापासून वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, त्या कुत्र्याला घेऊन आमच्याकडं चार दिवस राहायला येतात. माझ्याशीही नीट बोलतात. सगळं जुळून आलं असं कुणीही म्हणेल.

पण अक्कानं कानाला खडा लावला होता. ज्या दिवशी बाई गेल्या त्याच दिवशी देवापुढं म्हणाली, आता कुत्र्याले हात लावणार नाई, माह्या हाताले हाव हाय. आणि तिनं ते पाळलं. कुत्री येत राहिली, पाटी तशीच राहिली. अक्का दूध-भाकरी करायची, ताटली लांबून सरकवायची. कुत्रं शेपटी हलवत पायांत आलं की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. पाहुणे म्हणायचे, घाबरतात वाटतं कुत्र्यांना. ती हसून हो म्हणायची. पाहुणा स्वतः यायचा, दरवर्षी, तिच्या मांडीवर डोकं घुसवायचा, आणि ती हात वर धरून बसायची, देवळात अभिषेकाच्या वेळी ओलं होऊ नये म्हणून धरतात तसे.

सात वर्षं मी हे बघितलं.

आता उरलेलं अर्धं. अक्कासाठी केलं, हे खोटं होतं. अक्काला कुत्रं आवडायचं, पण बाई घेऊन गेल्या असत्या तर ती दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पीठ पाठवलं असतं. ती तशीच आहे. कुत्रं मला हवं होतं. रोज संध्याकाळी मी पाणी सोडायला जायचो, ते बरोबर यायचं, आणि बांधावर बसून मी त्याच्याशी बोलायचो. हुं नाही. बोलायचो. तासन् तास. मुलगी बघायला गेलो होतो तिथं जे बोलायचं राहिलं ते, बाप गेला त्या दिवशीचं, कपाशीवरच्या अळीचं, कशाचंही. चाळीस वर्षांचं तुंबलेलं होतं. मला माझा आवाज माहीत नव्हता, तो त्या चार महिन्यांत माहीत झाला. रविवारी ते जाणार म्हटल्यावर मला वाटलं, पुन्हा आपलं तोंड शिवलं जाणार. पन्नाशीला टेकलेला बाप्या कुत्र्याशी बोलतो म्हणून कुत्रं चोरतो, हे कुणाला सांगणार? बहिणीच्या मायेसाठी केलं, हे ऐकायला बरं दिसतं.

यंदाच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही ओसरी सारवत होतो. फरशी खोल्यांतच आहे, ओसरी अजून मातीची. अक्का शेणाच्या सारवणानं हात बरबटलेले घेऊन म्हणाली, “बाई येऊन राह्यली परवा. पाहुना आता म्हातारा झाला म्हने. डोळ्याले कमी दिसते.” मग पुढची ओळ सारवत, “यंदा तरी बाई मले माफ करन का?”

मी बादली खाली ठेवली. सगळं सांगितलं. वर लिहिलंय तसंच, याहून वेडंवाकडं.

अक्का म्हणाली, “संध्याकाळी बांधावर?”

“हुं.”

“त्याच्याशी बोलायचा?”

“हुं.”

“आन् माह्याशी हुं?” तिचा आवाज चढला. “चाळीस वर्षं एका घरात मी भिंतीशी बोलून राह्यली, आन् हा कुत्र्याले पुरान सांगे! आन् मी सात वर्षं हात मागं बांधून! तुले दिसत होतं का नोतं?”

“दिसत होतं.”

“मंग?”

तिनं शेणाचा गोळा उचलला आणि नेम धरून मारला. छातीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याच्या वेळी ती रडतही होती आणि तिला हसूही आवरत नव्हतं, कारण मी जागचा हललो नाही, नुसता उभा, अंगभर सारवलेला. “पुस नोको,” ती म्हणाली. “बाई येईस्तोवर असाच उभा राह्य.” मग डोळे कोपरानं पुसत म्हणाली, “तिले तू सांगशील. ऑटोतून उतरल्या उतरल्या. मी नाई सांगनार, आन् मी मधात पडनार बी नाई.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अगदी हुं सुद्धा नाही. मला कळलं ते काय असतं.

बाई आल्या. कुत्र्याला उचलून उतरवावं लागलं. मी ट्रंक धरायच्या आधी बोलायला लागलो, वाटेतच, ऑटोवाला ऐकत असताना. तेलुगूत, कारण त्यांना प्रत्येक शब्द कळायला हवा होता. अक्काचा दोष नव्हता. माझ्यासाठी ठेवलं. याच्याशी बोलायला. त्यात अडखळलो, चुकलो, पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं.

“हे तेव्हा सांगितलं असतं,” बाई म्हणाल्या, “तर मी जास्त चिडले असते.” मग म्हणाल्या, “पण लवकर विसरलेही असते. अक्काला कशाला मध्ये घातलंत?”

“चूक झाली.”

“झालीच,” त्या म्हणाल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. ट्रंक माझ्या डोक्यावर ठेवली आणि त्या पुढं निघाल्या, सरळ ओसरीकडं, जिथं अक्का दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती. बाईंनी तिचे हात मागून सोडवले. ते हात तसेच धरून खाली वाकवले आणि कुत्र्याच्या डोक्यावर ठेवले.

अक्काची बोटं आपोआप कानामागं गेली, फाटक्या कानाच्या मुळाशी, चाचपत. आणि चेहरा बदलला.

“अवं, हे काय!” ती ओरडली. “गोचीड! हे पाहा, हे एक, हे दुसरं. आसिफाबादेत आंघोळ घालत नाई का कुत्र्याले? शिकलेली बाई तू!” कुत्रं डोळे मिटून तिच्या गुडघ्याला टेकून उभं. बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या, पदर तोंडाला लावून. अक्कानं पदर कमरेला खोचला आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“उभा काय राह्यला ठोंब्यासारखा? पानी तापव. आन् तेल आन कडुनिंबाचं. लवकर.”